स्मार्ट सिटी: कामं मोजायची की राहणीमान?
२०१५ मध्ये शहरं सुधारण्यासाठी केंद्र सरकारचं स्मार्ट सिटी मिशन आलं, १०० शहरं निवडली गेली. प्रगतीचा हिशेब मुख्यतः पूर्ण झालेल्या प्रकल्पांचा आणि खर्चलेल्या निधीचा. तपासायला सोपा. पण पुण्यातल्या औंधचा रुंद फुटपाथ त्यात ‘काम पूर्ण’ एवढाच दिसतो. त्यावर दुचाक्या लावल्यात की आजोबा निवांत चालताहेत, हे कळत नाही.

दुसरी पद्धत ईज ऑफ लिव्हिंग निर्देशांकाची, म्हणजे शहरात राहणं किती सुखाचं हे मोजून शहरांची क्रमवारी लावणाऱ्या केंद्राच्या यादीची. २०१८ मध्ये पुणे पहिलं, २०२० च्या यादीत बंगळुरूनंतर दुसरं. (बंगळुरूचं ट्रॅफिक आठवून हसू येतं, ते सोडा.) या यादीत नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन होतं, म्हणून माझी पसंती या दुसऱ्या पद्धतीलाच. फक्त आकडे प्रभागवार हवेत. पेठेतला नळ आणि शहराच्या कडेच्या धायरीतला टँकर एकाच सरासरीत नकोत.