सुटलेली सवय सुटलेली राहावी म्हणून: टेप, मूठ, गोळी की डॉक्टरांची फेरी?

केस उपटणं, खपल्या काढणं, नखं कुरतडणं थांबून चार-सहा महिने झाले की प्रश्न येतो: आता काय चालू ठेवायचं? त्याआधी हात कधी जातो ते पाहा. मोबाइल बघताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर नकळत? की आरशासमोर उभं राहून, खरबरीत केस नाहीतर पुटकुळी शोधून? बऱ्याच जणांत दोन्ही असतं, पण एक बाजू जड असते.

नकळत जाणाऱ्या हाताला बोटांवर गुंडाळलेली चिकट टेप चांगली. स्पर्श बदलला की भान येतं. मात्र कोकणातल्या मे महिन्यात घामाने ती कडेने सुटते, खालची कातडी ओली राहून पांढरी पडते, सोलते, आणि ते सुटं टोक बोटांना आयतंच सापडतं. म्हणून कापडी टेप, कोरड्या बोटावर, फक्त अंगठा आणि तर्जनीला, आणि तीही धोक्याच्या तासापुरती. रबरी हातमोजे नकोत. सुती चालतील, पण पावसाळ्यात वाळत नाहीत, तीन जोड लागतात.

मुठीला यातलं काही लागत नाही. अझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडलेल्या, सवय मोडायच्या पद्धतीतला हा भाग: हात वर निघाला की मूठ वळून तो मांडीशी किंवा अंगाशी धरायचा, साधारण मिनिटभर किंवा ओढ ओसरेपर्यंत. एकच उपाय ठेवायचा तर आमच्या मते हा. फसतो तो दोन कारणांनी: बोटांत केस आल्यावर मूठ आठवते, आणि ओढ नसलेल्या दिवसांत सराव सुटतो. म्हणून ओढ नसतानाही रोज पाच-सहा वेळा कोरडा सराव करावा.

आरशासमोरच्या सवयीला नुसती मूठ अपुरी पडते. तिथे चिमटा घराबाहेर, भिंग बंद, न्हाणीघरातला दिवा मंद. त्यामागची चिंता किंवा कंटाळा मात्र दिव्याने जात नाही. त्यासाठी समुपदेशक लागतो.

मोसमाची तयारी निराळी. ओले काजूगर सोलायच्या आधी हाताला खोबरेल लावा, चीक लागून निघालेली कातडी खुडायला हात शिवशिवतो. घामोळं आलं तर अंग कोरडं ठेवा, सैल सुती कपडे घाला. गणपतीत जागरणं, पाहुणे, आरशाशी तयारी, सगळं एकदम येतं. त्या आठवड्यात टेप पुन्हा लावायला घ्या.

एन-ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे कफ पातळ करायची गोळी: 2009 च्या चाचणीत केस उपटणाऱ्या प्रौढांना दिवसाला 1200 ते 2400 मिलिग्रॅम, 12 आठवडे देऊन फायदा दिसला. मुलांवरच्या नंतरच्या चाचणीत दिसला नाही. दमा असेल किंवा हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन चालू असेल तर परस्पर घेऊ नका. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या वेष्टनाबाहेर काढून डब्यात ठेवल्या तर दमट हवेत खराब होतात.

उपचारांचा फायदा काळाने ओसरतो, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी डॉक्टरांकडे एक फेरी ठेवलेली बरी. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. लांबच्या गावातून सुरुवात करायची तर टेली मानस, ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, 14416, फोन मोफत. केस गिळायची सवय असेल आणि पोट दुखू लागलं, उलट्या झाल्या, तर फेरीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.