शंभर मण्यांची पाटी: तार निसटल्यावर बदललेलं मत

परवा लेकीच्या मोजणीच्या पाटीची (लाकडी चौकटीत दहा तारा, प्रत्येकीवर दहा मणी) वरची तार चौकटीतून निसटली आणि मणी घरभर झाले. जिथून ऑनलाइन मागवली त्या दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं, "लाकडी खेळण्यांवर वॉरंटी नाही, सुटी तार मिळणार नाही." साडेचारशे रुपये मोजलेत, आणि एका तारेसाठी अख्खी पाटी टाकून द्यायची? मी नाही टाकली.

लाकूड चांगलं आहे, रंग जात नाही. राग आहे तो रंगांच्या मांडणीवर. प्रत्येक तारेवरचे दहाही मणी एकाच रंगाचे! तीन-चार वस्तू नजरेत मावतात, त्यापुढे मोजावंच लागतं. त्यामुळे सात मणी सरकवले की माझी पाच वर्षांची लेक बोट लावून पुन्हा एकपासून सुरू करायची. दर वेळी. किती महिने हेच चाललं होतं. नेदरलँड्समध्ये आद्री ट्रेफर्स यांनी आखलेल्या मण्यांच्या चौकटीत प्रत्येक ओळीत ५ लाल आणि ५ पांढरे मणी असतात. सात म्हणजे पाच आणि दोन, हे तिथे न मोजता दिसतं. मणी तेवढेच, खर्च तोच. मग आपल्या कारखानदारांना हे का सुचू नये?

शेजारच्या काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "अगं, मणी सुटलेच आहेत तर माळ कर." शाळेतल्या गणितमाळेत दर दहाला रंग बदलतो, मी दर पाचाला बदलला. बाकीच्या ताराही सोडवल्या, आणि लाल आणि पिवळ्या तारेचे वीस मणी बुटाच्या लेसमध्ये ओवले: पाच लाल, पाच पिवळे, पुन्हा तसेच.

आता "सात दाखव" म्हटलं की ती एका झटक्यात सरकवते. आठ अधिक पाच विचारलं तर पाचातले दोन आठाला देऊन आधी दहा करते, मग उरलेले तीन. हे मी शिकवलेलं नाही, तिला रंगांत दिसलं. उरलेल्या मण्यांवर एकी-बेकी चालते. मूठ उघडायची, जोड्या लावायच्या, एक उरला तर एकी. संध्याकाळी ताटं मांडतानाही "चौघांना दोन-दोन पोळ्या, किती?" हे तीच मला विचारते.

म्हणून पाटीला पाचपैकी दोन स्टार, तेही लाकडासाठी. नवीन घेणार असाल तर दोन रंगांचे सुटे मणी आणि लेस घ्या. टोकांना गाठ दुहेरी मारा, आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर सुटे मणी त्याच्या हाती लागू देऊ नका, ते तोंडात घालतात.