रे रोडची वखार, व्हाइट ओक आणि रेड ओक

डायनिंग टेबलासाठी ओकचं लाकूड घ्यायचं होतं म्हणून मिस्त्रींना घेऊन मुंबईतल्या रे रोडला एका लाकडाच्या वखारीत गेलो. आधीचा अनुभव वाईट होता, दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने व्हाइट ओक म्हणून बाल्कनीसाठी बाक गळ्यात मारला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पाय खालून काळे पडून मऊ झाले, तो रेड ओक होता हे मिस्त्रींनी नंतर सांगितलं. त्यामुळे यावेळी खात्री केल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं ठरवूनच गेलो होतो.

या वखारीतल्या शेठनी स्वतःहून दोन्हीचे बोटभर लांब तुकडे कापून दिले आणि एका ग्लासात पाणी आणलं. तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवायचं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचं, बस. रेड ओकमधून बुडबुडे आले, चक्क स्ट्रॉसारखे! व्हाइटमधून मी गाल दुखेपर्यंत फुंकलं तरी काही नाही. कारण व्हाइट ओकची छिद्रं आतून पडद्यासारख्या वाढीने बंद झालेली असतात, म्हणून तर व्हिस्कीची पिंपं त्याची करतात, आणि रेडची छिद्रं उघडी असल्यामुळे तो पाणी ओढून घेतो. आपल्या मुंबईच्या दमट हवेत मला तरी हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कडकपणात मात्र फार फरक नाही. जांका टेस्टमध्ये (लाकडात स्टीलची गोळी अर्धी रुतवायला किती पौंड जोर लागतो ते मोजतात) व्हाइट साधारण 1360, रेड 1290, आणि युरोपियन ओक त्याहून थोडा मऊ, 1120 च्या आसपास. म्हणजे ताट आपटलं तर दोघांनाही सारखाच खड्डा पडणार. रंगाने रेड गुलाबीसर, व्हाइट मातकट-पिवळसर, पण नुसत्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका, पॉलिश मारलं की काहीच कळत नाही.

आता खरं सांगतो, सागवानाशी तुलना केली तर दोन्ही ओक जास्त हलतात, म्हणजे ओलाव्याप्रमाणे फुगतात-आकसतात. ताजं कापलेलं ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत व्हाइट ओक साधारण साडेदहा टक्के आकसतो, रेड साडेआठ, सागवान व्हाइट ओकच्या जवळपास निम्मं. म्हणून टेबलासाठी व्हाइट ओकच्या क्वार्टर सॉन (ओंडक्याच्या गाभ्याकडून सालीकडे कापलेल्या) फळ्या घेतल्या, त्या कमी हलतात आणि वर रेशमासारखे चमकणारे पट्टे दिसतात, ते बघूनच बायकोने होकार दिला. महाग पडल्या, पण टेबलाच्या टॉपला तेच घ्या. आणि टॉप खाली घट्ट ठोकू नका, स्क्रूची भोकं लांबट ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात टॉपला फुगायला जागाच मिळत नाही.

अजून एक, ओकमध्ये टॅनिन (चहात असतं तसं तुरट द्रव्य) खूप असतं, लोखंडी खिळा ओल्या लाकडाला लागला की निळा-काळा डाग पडतो आणि तो घासून जात नाही. आमच्या मिस्त्रींच्या लक्षात होतं, सगळे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरले.

वखारीबद्दल तक्रार एकच, माल चढवताना दोन फळ्यांचे कोपरे आपटले, पण बदलून दिल्या. ओलावा मोजायचं मीटर मागितलं तर लगेच काढून दिलं, प्रत्येक फळी तपासू दिली, घाई केली नाही. उरलेल्या पैशात रेड ओकची दोन कपाटं करतोय बेडरूमला, तिथे पाणी येत नाही आणि त्याची ठळक रेष मला मनापासून आवडते.