घरचा बिटेक्स आणि विकतचा शंभर वॅटचा सेट: दोन्ही एकाच अँटेनावर वापरून झाल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला माझ्या टेबलावर हॅम रेडिओचे, म्हणजे लायसन घेऊन हौसेने बिनतारी बोलायचे, दोन सेट शेजारी शेजारी आले. एक घरी बांधलेला बिटेक्स: फक्त चाळीस मीटर बँड (सात मेगाहर्ट्झच्या आसपास), सात वॅट, पत्र्याच्या डब्यात. दुसरा तयार जपानी सेट: सगळे एचएफ (शॉर्टवेव्ह) बँड, शंभर वॅट, पडद्यावर बँडचे सिग्नल दाखवणारा रंगीत वॉटरफॉल. दोन्ही एकाच कोॲक्स स्विचला, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या खटक्याला, जोडले आहेत. एखादे स्टेशन आले की खटका फिरवायचा, तेच स्टेशन दुसऱ्या सेटवर. होमब्रू (घरी बांधलेला) की रेडीमेड यावर हॅम मंडळी तासन् तास बोलतात, पण बोलणाऱ्याकडे बहुधा दोन्हींपैकी एकच असतो. म्हणून हे जरा सविस्तर.

निकाल आधीच सांगून टाकतो. शहरात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ऐकण्याच्या बाबतीत या दोघांत किमतीइतका फरक अजिबात जाणवत नाही. बोलण्याच्या बाबतीत जाणवतो, पण मुख्यतः सूर्य मावळल्यावर. आणि दोन्हींपेक्षा जास्त फरक पडला तो गच्चीवरची अँटेनाची तार नीट ताणल्याने.

बिटेक्स ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हैदराबादचे अशर फरहान, हवेवरचे नाव (कॉलसाइन) व्हीयू२ईएसई, यांनी हे डिझाइन दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला मांडले. आपल्याकडे मिळतील त्याच भागांतून एसएसबी सेट (एचएफवर बोलायची नेहमीची पद्धत) उभा राहावा, हा त्यामागचा हट्ट. टोरॉइड (कॉइल गुंडाळायची कडी) मिळत नसेल तर नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळा, टीव्हीच्या बालुनचा, म्हणजे अँटेनाच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा, कोर वापरा, ट्रान्झिस्टर कुठलाही साधा चालेल. खरी गंमत त्यातल्या दुतर्फा ॲम्प्लिफायरची आहे. ऐकताना सिग्नल एका दिशेने जातो, पीटीटी (बोलायचे बटण) दाबला की त्याच क्रिस्टल फिल्टरमधून उलट्या दिशेने. निम्मे भाग वाचतात आणि सर्किट कागदावर बघून कळते. पुढे याच घराण्यात बिटेक्स४० चे तयार मॉड्यूल आले, मग सगळ्या बँडांचा मायक्रोबिटेक्स. माझा मात्र सुट्या भागांतून बांधलेला आहे.

बांधण्यात सगळ्यात जास्त वेळ खातो तो क्रिस्टल फिल्टर, म्हणजे हवे ते स्टेशन ठेवून शेजारची गाळणारी चाळणी. माझ्या सेटमध्ये १२ मेगाहर्ट्झचे चार क्रिस्टल आहेत. पाकिटातल्या सगळ्यांवर १२.००० छापलेले असले तरी प्रत्येक जण थोडा थोडा वेगळा असतो, आणि फिल्टर नीट बसायला चौघे एकमेकांच्या शंभर हर्ट्झच्या आत हवेत. एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर जोडायचा, शेजारी फ्रिक्वेन्सी काउंटर, आणि एकेक क्रिस्टल चिमट्याने सॉकेटमध्ये लावायचा. बोटाने लावला तर अंगाच्या उबेने आकडा सरकत राहतो. आकडा थांबला की क्रिस्टलवर पेनने शेवटचे तीन अंक लिहायचे. पूर्ण पाकीट संपल्यावर टेबलावर जवळच्या आकड्यांचे पुंजके दिसायला लागतात, त्यातला एक पुंजका उचलायचा. हे काम ज्याला कंटाळवाणे वाटेल त्याने सरळ तयार सेट घ्यावा. मी टोमणा मारत नाही, खरेच सांगतो.

सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर आधी कॉइलचाच होता. पंखा लावला की फ्रिक्वेन्सी सरकायची आणि समोरून यायचे, "ओएम (हॅम मंडळींतले 'मित्रा'), तुम्ही परत सरकलात." आता एसआय५३५१ या फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या चिपचा छोटा बोर्ड आणि तो चालवायला आर्डुइनो नॅनो बसवला आहे, सेट जागचा हलत नाही. मग हा 'घरी बांधलेला' राहिला का, असे एका ज्येष्ठ हॅमने छेडले. त्यांच्या तरुणपणी महायुद्धातल्या लष्करी भंगारातून सेट उभे राहत. तेही व्हॉल्व्ह स्वतः फुगवत नव्हते, एवढेच मी म्हणालो.

आता ऐकण्याबद्दल. माझ्या घरी संध्याकाळी चाळीस मीटरवर एस-सातची (सिग्नलचा जोर मोजायच्या एस-मीटरवर सात) खरखर कायम असते. आसपासचे एलईडी दिवे, चार्जर, समोरच्या इमारतीवरचा सोलर इन्व्हर्टर. जे स्टेशन त्या खरखरीखाली आहे ते लाखाच्या सेटवरही नाही आणि पाच हजारांच्या डब्यातही नाही. जे वर आहे ते दोन्हींवर. तयार सेट जिंकतो तो गर्दीत. शेजारी दोन किलोहर्ट्झवर कुणी जोरात बोलत असेल तर त्याचा फिल्टर हवा तितका आवळता येतो, नॉच फिल्टरने मधेच येणारी शिट्टी कापता येते. बिटेक्सचा फिल्टर एकदा बांधला तो बांधला. शिवाय मूळ बिटेक्समध्ये एजीसी, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारे सर्किट, नाही. हैदराबादचे स्टेशन कान देऊन ऐकत असताना इथल्या इथे चिंचवडहून कुणी "गुड मॉर्निंग" म्हटले की हेडफोन फेकायची वेळ येते. एक हात कायम व्हॉल्यूमवर. एस-मीटरही नाही, त्यामुळे रिपोर्ट कानाच्या अंदाजाने द्यायचा. तसेही आपल्याकडे सगळ्यांना फाइव्ह-नाइनच, म्हणजे 'उत्तम' असाच रिपोर्ट, मिळतो.

बोलण्याचा हिशोब साधा आहे. सात वॅट आणि शंभर वॅट यांत सुमारे साडेअकरा डीबीचा फरक. सहा डीबीचा एक एस-युनिट धरला तर जेमतेम दोन. सकाळी कंडिशन चांगली असताना हे दोन एस-युनिट कुणाच्या लक्षातही येत नाहीत. गच्चीवरची बुटकीशी इन्व्हर्टेड-व्ही (मध्ये उंच, दोन्ही टोके खाली अशी तारेची अँटेना) सिग्नल जवळजवळ सरळ वर फेकते, तो वरून परत खाली येतो, आणि कोल्हापूर, गोवा, हैदराबाद, बेंगळुरू आरामात होते. सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळच्या गप्पांत, मी महिनोन् महिने बिटेक्सच वापरतो आहे, आणि मी सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेले नाही. रात्री चित्र पालटते. इंडोनेशियाची स्टेशने धडाधड येतात, बँड भरून जातो, आणि सात वॅटवाला आपल्या कॉलसाइनचे "व्हीयू टू..." म्हणेपर्यंत कुणीतरी वरून चालून जातो. तिथे शंभर वॅट लागतात. एफटी८ लाही (कॉम्प्युटरमधून छोटे संदेश पाठवायची पद्धत) तयार सेट बरा, कारण दर वेळी १२.६४ सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते आणि बिटेक्समधल्या आयआरएफ५१० या पॉवर ट्रान्झिस्टरचा हीटसिंक हात लावू देत नाही.

शंभर वॅटचा एक तोटा जाहिरातीत नसतो. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "अहो, तुम्ही बोलायला लागलात की आमच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून कुणीतरी गुरगुरतं." त्यांच्या स्पीकरच्या वायरीवर फेराइटचे क्लिप लावून दिले, गुरगुर थांबली. बिटेक्सवर असताना सोसायटीत अशी तक्रार आलेली नाही.

दुरुस्तीचा अनुभव दोन्हींचा घेतला. वळवाच्या वाऱ्यात अँटेनाची एक बाजू तुटली तेव्हा मी बिटेक्सवर बोलत होतो. फायनल, म्हणजे तोच शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर, गेला. रविवारी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात आयआरएफ५१० मागितला. दुकानदार म्हणाला, "५४० घ्या ना साहेब, त्याच्याहून भारी आहे." भारी आहे, पण गेटची (ट्रान्झिस्टरच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाची) कपॅसिटन्स ५१० ला १८० पिकोफॅरडच्या आसपास आणि ५४० ला दीड हजाराच्या वर, सात मेगाहर्ट्झवर आधीचा ड्रायव्हर ती पेलू शकत नाही आणि पॉवर पडते. हटून ५१० च घेतला. ट्रान्झिस्टरचा धातूचा टॅब आतून ड्रेन या टोकाला जोडलेला असतो म्हणून खाली अभ्रकाचा वॉशर, थोडी पेस्ट, बायस (सिग्नल नसतानाचा करंट) शंभर मिलीॲम्पिअरवर, आणि दुपारच्या चहाआधी सेट सुरू.

तयार सेटने ऑक्टोबरात ट्रान्समिट करणे थांबवले. वॉरंटीत होता, म्हणून उघडायची सोय नाही. दुरुस्ती केंद्र दुसऱ्या शहरात. आधी फोन, मग फॉर्म, मग मूळ खोक्यातच पाठवा म्हणून सूचना. परत आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. दुरुस्ती नीट केली होती, त्याबद्दल तक्रार नाही. काय बिघडले होते ते मात्र शेवटपर्यंत कुणी सांगितले नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

खर्चाबद्दल एक गैरसमज काढायला हवा. होमब्रू स्वस्त पडते ते फक्त भागांच्या बिलात. घरच्या ट्रान्समीटरची हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल, १४ आणि २१ मेगाहर्ट्झवर किती जातात हे मोजल्याशिवाय तो हवेवर आणणे बरोबर नाही, लायसन आपल्या नावावर असते. म्हणजे असे सिग्नल दाखवणारा छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर आला, अँटेना आणि फिल्टर तपासायचा नॅनोव्हीएनए आला, अँटेनाऐवजी लावायचा डमी लोड आला. माझ्याकडे या तिन्हींची किंमत मिळून बिटेक्सच्या दुप्पट झाली. अर्थात ती साधने पुढच्या प्रत्येक कामाला लागतात, आणि मित्राचा स्वस्तातला चिनी हँडी (हातात धरायचा सेट) त्यावर लावला तेव्हा त्याची हार्मोनिक्स बघून आम्ही दोघेही काही वेळ गप्प होतो. दोन मीटरचा हँडी घरी बनवायच्या फंदात मात्र पडू नका. चांगल्यापैकी विकत घ्या, विषय संपला.

सिंहगडावर मी बिटेक्सच नेतो. यूपीएसची ७ अँपिअर-अवरची बॅटरी, वीस मीटर तार, तार उभी करायला मासेमारीची गळकाठी, एवढेच सामान. ऐकताना तो दोनशे मिलीॲम्पिअरही खात नाही. तयार सेट नुसता चालू ठेवला तरी एक अँपिअर ओढतो आणि बोलताना वीस. गडावर खरखर इतकी खाली जाते की घरी कधी न ऐकलेली स्टेशने उभी राहतात. खरे तर तयार सेटच्या रिसीव्हरची किंमत तिथेच वसूल झाली असती, पण तेवढ्यासाठी कारची बॅटरी कोण वर नेणार.

नव्याने लायसन मिळालेल्या मुलांनी विचारले तर मी हा क्रम सांगतो. आधी डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची साधी अँटेना, स्वतः बनवा: ७.१ मेगाहर्ट्झला टोकापासून टोकापर्यंत साधारण २० मीटर, कापताना थोडी जास्तच ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचे माप) बघत छाटा. मग सेकंडहँड का होईना एक तयार सेट घ्या, म्हणजे चांगला सिग्नल कसा ऐकू येतो हे कानाला कळते. त्यानंतर बिटेक्स. हाच क्रम उलटा केलेली बरीच मुले मी पाहिली आहेत. सेट वाजत नाही, चूक सर्किटची, अँटेनाची की बँडचीच, ते कळत नाही, आणि डबा माळ्यावर जातो.

तयार सेट मी विकणार नाही, बिटेक्सला या पावसाळ्यात एजीसी बसवणार आहे. क्रिस्टल घ्यायचे असतील तर एकाच लॉटमधले घ्या, आणि दुकानदाराला पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा.