मुलांचं पुस्तक स्वखर्चाने काढताय? माझे अठरा हजार असे गेले

पावसाळा सरला की फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात. अशाच एका वाड्यातल्या, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तांड्यातल्या, एका मुलाची आणि त्याच्या कुत्र्याची गोष्ट मी लिहिली. रंगीत पुस्तकाचा खर्च निघत नाही असं प्रकाशकांकडून ऐकून झालं, म्हणून स्वतःच काढायचं ठरवलं. २४ पानं, ८.५ इंची चौकोनी आकार. चित्रकार तेवढा हवा होता.

इन्स्टाग्रामवर एकाचं पान सापडलं. जलरंगातली देखणी चित्रं, खाली 'अप्रतिम'चा पाऊस. मेसेज टाकला तर लगेच उत्तर: "ताई, बाकीचे पानाला तीन हजार घेतात, तुम्हाला पंधराशेत करून देतो." एकूण ३६ हजार, निम्मे आगाऊ. यूपीआयने पाठवले. आगाऊ मागण्यात काही वावगं नाही. चांगले चित्रकारही मागतात आणि त्यांनी मागावेच. घोळ दुसरीकडे होता.

दुसऱ्याच दिवशी चार पानं रंगवून हजर! जलरंगात काम करणारा माणूस एका रात्रीत चार पानं उरकत नाही.

आणि चित्रं कशी? मेंढ्या पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत. आपली दख्खनी मेंढी बहुतेक काळी, खरबरीत लोकरीची. मुलाच्या बापाच्या डोक्यावर राजस्थानी साफा, पायात टोकदार मोजड्या. कुत्र्याचा पांढरा ठिपका एका पानावर कानाला, पुढच्या पानावर शेपटीला, त्यापुढे कुत्र्याची जातच वेगळी. एसटीच्या पाटीवर शिरोरेघ होती, पण तिच्याखालची अक्षरं जगातल्या कुठल्याच भाषेतली नव्हती.

कळवलं की "करेक्शन करतो ताई". तासाभरात नवं चित्र यायचं. ठिपका जागेवर, पण मुलाचा चेहरा, मागचा घाट, आभाळ, सगळंच बदललेलं. हाताने काढणारा ठिपका खोडून ठिपकाच काढतो, अख्खं चित्र नव्याने कशाला काढेल? मी कच्ची रेखाटनं आणि लेयर असलेली (रेघ, रंग वेगवेगळ्या थरांत ठेवलेली) फाइल मागितली. फाइल देणं "पॉलिसीत बसत नाही" म्हणे. रेखाटन मात्र आलं, आणि त्यानेच बिंग फुटलं. खऱ्या कच्च्या कामात दुहेरी रेघा असतात, खोडलेलं दिसतं, चित्रातल्या माणसाचा हात आधी वर काढून मग खाली घेतलेला असतो. हे रेखाटन रंगीत चित्राशी रेघ न् रेघ जुळत होतं. त्याच चित्राचा रंग काढून पेन्सिलीचा फिल्टर मारलेला. म्हणजे चित्रं हाताची नव्हतीच, एआयने बनवलेली होती.

आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका ओळखीच्या मुद्रकाला फायली दाखवल्या. १०२४ पिक्सेलच्या. छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतं, म्हणजे माझ्या पानाला, कापणीसाठी कडेने जास्तीचं ठेवतात ते ब्लीड सोडूनच, २५५० पिक्सेल हवेत. तो म्हणाला, "ताई, हे व्हिजिटिंग कार्डाच्या रुंदीएवढं छापता येईल."

मग त्याच्या इन्स्टाग्रामच्या पानावरची चित्रं, मूळ कुठलं ते शोधायला, गूगल लेन्सला दिली. ती परदेशी चित्रकारांची निघाली, कोपऱ्यातली सही कापून लावलेली. त्याला विचारलं, तर आधी 'कमर्शियल लायसन्स'चे आणखी पाच हजार मागितले, आणि मग त्याचा डीपीच दिसेनासा झाला. ब्लॉक!

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुढे चौकीत ऐकावं लागलं, "चित्रं मिळाली ना तुम्हाला? मग हा व्यवहारातला वाद." पैसे त्या खात्यातून पुढे सरकले की गोठवणं अवघड होतं, त्यामुळे ज्या दिवशी संशय येईल त्याच दिवशी १९३० लावा, आणि चॅट, यूपीआयची पावती, फायली असं सगळं जपून ठेवा.

एआयने चित्रं बनवणं हा काही गुन्हा नाही. ती तशी सांगून, त्या भावात विकावीत. हातकाम म्हणून विकली तर पुढचं खोटं लेखकाच्या गळ्यात पडतं: अमेझॉनच्या केडीपीवर (स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करायच्या सेवेवर) पुस्तक चढवताना चित्रं एआयची आहेत का हे सांगावं लागतं, आणि तिथे उत्तर द्यायला हा गडी नसतो.

कागदाचंही बघा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. व्हॉट्सॲपवरचं "हो ताई, सगळे राइट्स तुमचे" कशाला पुरणार?

आता एका बाईंकडे काम दिलंय. पानाला तीन हजारच घेतात. पहिल्या फोनवर पैशांआधी त्यांनी मलाच उलटं विचारलं: सेंटर पिन की चिकटवून बांधणी? मजकूर पानाच्या वर की खाली? जोडपानाच्या घडीत कुणाचा चेहरा जाणार नाही ना? सामान बैलावर लादतात की घोड्यावर? रात्री मेंढ्या कोंडतात त्या वाघुरीचा (जाळीचा) फोटो आहे का? त्या पहिल्याने यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं, गोष्ट तरी वाचली होती की नाही कोण जाणे.

नमुन्याचे त्यांनी वेगळे पैसे घेतले आणि मी खुशीने दिले: तोच मुलगा समोरून, पाठमोरा आणि घोड्यावर बसलेला. कुणालाही काम देण्याआधी हे तीन मागा, फुकटात मागू नका. बाकीचे पैसे टप्प्याटप्प्याने ठरलेत: कच्ची रेखाटनं पसंत पडल्यावर काही, रंग झाल्यावर काही, आणि शेवटचा हप्ता छपाईच्या फायली मुद्रकाने उघडून बघितल्यावर.