गुडघा, डिप्रेशन आणि 2,083 डॉलर 95 सेंट

ग्रीन कार्डवर अमेरिकी सैन्यात गेलेली आपली मराठी पोरं आहेत, म्हणून लाज गुंडाळून लिहितोय.

उजवा गुडघा नोकरीत गेला, त्याची व्हीएकडून (माजी सैनिकांचं सरकारी खातं) 20 टक्के अपंगत्वाची भरपाई मिळत होती. दुखण्याने झोप उडाली, मग डिप्रेशन. त्याचा 'सेकंडरी' क्लेम, म्हणजे आधीच्या दुखापतीतून उद्भवलेल्या आजाराचा दावा, करता येतो आणि व्हेटरन्स संघटनांचे व्हीएने मान्यता दिलेले प्रतिनिधी तो फुकट भरून देतात, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या गावात संघटनेचं काम बघणारा माणूस ओळखीचा, आणि मी घरीसुद्धा काही बोललो नव्हतो. फोनवरची अनोळखी 'कन्सल्टंट' बाई बरी वाटली. वाटणारच!

फी ठरली भरपाईत होणाऱ्या मासिक वाढीच्या पाचपट. त्यांच्या डॉक्टरने मला न बघता नेक्सस लेटर (हा आजार त्या दुखापतीमुळेच, असं सांगणारं पत्र) दिलं, त्यात गुडघा डावा! सांगितल्यावर तासाभरात तेच पत्र 'उजवा' करून आलं. तेव्हाच फोन आपटायला हवा होता. शिवाय क्लेमचा 21-526ईझेड फॉर्म भरला त्यांनी, पाठवायचा मात्र मी, आणि त्यावर त्यांचं नाव कुठेच नाही. सोशल सिक्युरिटी नंबर मागितला "फाइलपुरता". कुणालाही देऊ नका.

डिप्रेशनचे 30 टक्के मिळाले. व्हीएच्या गणितात 20 आणि 30 म्हणजे 50 नव्हे, 44 (30, अधिक उरलेल्या 70 चे 20 टक्के), ते उतरवून 40. 2024 च्या दराने एकट्या माणसाचे महिन्याला 338.49 चे 755.28 डॉलर झाले. फरक 416.79, पाचपट 2,083.95. माझ्या हाती निकालाचं पत्र पडायच्या आधी त्यांचं बिल हजर! बाई कौतुकाने म्हणाली, आमचं मशीन तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर घालून व्हीएच्या फोनलाइनवर तपासत असतं. आणि निकालात आधार कशाचा? सरकारने नेमलेल्या परीक्षकाच्या तपासणीचा. त्या नेक्सस लेटरला कुणी विचारलंही नाही.

नव्या क्लेमसाठी फी घ्यायची मुभा मान्यताप्राप्त वकिलालाही नाही. म्हणून तक्रार केली. एक कार्यालय म्हणालं, ते मान्यताप्राप्त नाहीत. अहो, तेच तर सांगतोय! दुसरं म्हणालं, मान्यताप्राप्त नाहीत म्हणून आमच्या हातात काही नाही. तिसऱ्याने करारावरची माझी सही मलाच दाखवली. 2006 साली अमेरिकी काँग्रेसने अशी बेकायदा फी घेणाऱ्यांची कायद्यातली फौजदारी शिक्षाच काढून टाकली, मग भ्यायचं कुणी कुणाला? फार तर इशाऱ्याचं पत्र जातं. पत्राने माझे पैसे परत येतात का?

सही करण्याआधी व्हीएच्या मान्यताप्राप्त यादीत नाव शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. बँकेतून परस्पर हप्ता कापायची परवानगी देऊ नका. माझे 694.65 चे दोन हप्ते असेच गेले. तिसरा बँकेला सांगून अडवलाय, आता वसुलीवाल्यांचे फोन चालू आहेत.