ऑइलमध्ये पाणी: तव्यावर बघायचं, प्रेशर टेस्ट करायची की लॅबला पाठवायचं?

पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलं आणि आतून पिवळट साय निघाली की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेल्याचा धसका बसतो. इंजिन उघडायला होकार देण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. साय फक्त झाकणाला असेल, पट्टीवरचं ऑइल नितळ असेल आणि कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी हलली नसेल, तर ती बहुतेक वाफेची करामत. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे 900 ग्रॅम पाणी तयार होतं. त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांमधून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरतं. पुण्यातल्या कोथरूड ते डेक्कन एवढीच, जवळच्या जवळ गाडी रोज चालत असेल तर ते उडून जात नाही, कारण काट्यावर दिसतं ते कूलंटचं तापमान. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं.

झाकण पुसा, एक्स्प्रेसवेनं लोणावळ्याला जाऊन या, मग आठवडाभर लक्ष ठेवा. साय पुन्हा धरली तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधली वाफ ओढून घेणारा) तुंबलाय का, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारा) उघडाच अडकलाय का, हे तपासा.

पट्टीवरच दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर मात्र गाडी चालवू नका. पुढे तीन वाटा आहेत.

तवा. सर्वांत स्वस्त. जुना पसरट तवा इंडक्शनवर 150-160 अंशांपर्यंत तापवा. उघड्या आचेवर नको. चष्मा घाला, डिपस्टिकवरचा एक थेंब टाका, शेजारी नव्या ऑइलचा. नवा थेंब शांत पसरतो. पाणी असलेला बुडबुडतो, जास्त असेल तर मोहरीसारखा तडतडतो. साधारण 0.1 टक्क्याच्या वरचं पाणी असं कळतं. पण ते आलं कुठून, हे तवा सांगत नाही. शिवाय लांबच्या प्रवासानंतर पाणी उडून गेलेलं असतं आणि कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्येच राहतं. तेव्हा थेंब शांत राहिला म्हणून कूलंट गळत नाही असं धरू नका.

प्रेशर टेस्ट. पट्टीवर दुधाळपणा आणि बाटलीत घट, दोन्ही असेल तर थेट हीच करून घ्या. इंजिन गार असताना रेडिएटरच्या झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच, म्हणजे 1.1 लिहिलं असेल तर 1.1 बारपर्यंत, पंप मारायचा आणि वीसेक मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला, बाहेर थेंब नाही आणि पायाखालचं कार्पेटही कोरडं (हीटर गळत असेल तर ते ओलं होतं), तर गळती इंजिनच्या आत. बारीक गळतीसाठी दाब रात्रभर ठेवून सकाळी चेंबरचा नट हळूच सैल करायला सांगा. पाणी जड, म्हणून आधी गुलाबी किंवा हिरवं कूलंट येतं आणि मग ऑइल. एवढं दिसलं की वाद संपतो.

तरीही हेड उतरवण्याआधी, असेल तर, ऑइल कूलर (कूलंटनं ऑइल गार करणारा भाग) तपासून घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जातं. बंद केल्यावर कूलंट ऑइलमध्ये शिरतं. कूलंटमध्ये सिलिंडरचा गॅस आला की रंग बदलणाऱ्या निळ्या द्रवाची गॅस टेस्ट इथे फसवते: गॅस्केट कूलंट आणि ऑइलच्या वाटांमध्ये फाटलं असेल तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतच नाही आणि द्रव निळाच राहतो.

लॅब. दाब टिकतोय, तरी महिन्याकाठी कूलंट थोडं कमी होतंय, किंवा जुनी गाडी घ्यायची आहे, तेव्हाच याचा उपयोग. इंजिन बंद केल्याकेल्या, कोरड्या बाटलीत 100 मिली घ्या. सोबत त्याच ब्रँडचं, त्याच ग्रेडचं नवं ऑइल पाठवा, कारण कूलंटमध्ये सापडणारं बोरॉन काही ऑइलमध्येही मुळातच असतं. पाणी उडून गेलं तरी कूलंटमधलं सोडियम-पोटॅशियम मागे राहतं, आणि तेच कूलंटचा माग देतं.

गाडी पुरात उभी होती, तर यातलं काहीच नको. 2024च्या जुलैत सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं होतं. तशा गाडीला स्टार्टर अजिबात मारायचा नाही. पट्टीवर पातळी वाढलेली दिसली की आहे तिथून टो करून न्या, चेंबर रिकामा करा, फिल्टर बदला. स्पार्क प्लग (डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर) काढून इंजिन हातानं फिरवून बघा. ते अडखळत नसेल तरच नवं ऑइल भरा, आणि तेही थोडं चालवून लगेच काढून टाका.